पाटीवरचं आडनाव

गोरेगाव पूर्व
३ जानेवारी २०२५

आकाश,

वर काय लिहावं यातच माझे दोन कागद वाया गेले. 'चिरंजीव' लिहिलं, खोडलं. 'प्रिय' लिहिलं, तेही खोडलं. आकाश हे आईने ठेवलेलं नाव आहे आणि ते तू अजून तरी बदललेलं नाहीस, म्हणून तेवढंच ठेवते.

पत्र अशासाठी की फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. अनुपमाला फोन करावा तर ती बिचारी "सांगते हां ताई त्यांना" म्हणते आणि आवाज इतका खाली घेते, जसं काही मी वसुलीला बसले आहे. हे पत्र तुझ्या अंधेरीच्या ऑफिसवर पाठवते आहे. बोरिवलीला घरी पाठवलं असतं तर पाकिटामागचं माझं नाव तुझ्या टॉवरच्या वॉचमनने वाचलं असतं आणि तुझी झोप उडाली असती. बघ, एवढी चिडले आहे तरी तुझी काळजी घेतेच आहे. मोठ्या बहिणींना ही खोडच असते.

आता मुद्द्याचं. मंगळवारच्या पेपरात तू आईची बातमी दिलीस. मला ती शाळेत, स्टाफरूममध्ये, चहा पिताना दिसली. फोटो आईचा होता म्हणून वाचली, नाहीतर कुणा परक्या बाईची समजून पान उलटलं असतं.

'कै. श्रीमती कमल पिंपळकर यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. शोकाकुल: आकाश, अनुपमा, स्वरदा.'

मी दहिसरच्या शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवते. लाल पेन हातातच होतं. दोन ओळींत इतक्या चुका माझ्या नापास पोरांनीही कधी केल्या नाहीत.

पहिली चूक 'कै.' कै. म्हणजे कैलासवासी. आपली आई कैलासावर कधी गेली रे? गोरेगावच्या थंडीत सुद्धा दोन स्वेटर घालणारी बाई ती. रोज चहाच्या आधी त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय तिने तोंडात पाणी घातलं नाही. आपल्या बौद्ध घरांत माणूस गेला की त्याला कालकथित म्हणतात. हे मी तुला शिकवायला नको. बाबा गेले तेव्हा पत्रिकेचा मजकूर तूच लिहिला होतास, आणि प्रेसवाल्याने तो शब्द तोडून 'काल कथित' असा छापला म्हणून त्याच्या दुकानात जाऊन तावातावाने भांडलाही होतास. तेव्हा तू कॉलेजात होतास. तेव्हा तुला अक्षराअक्षराची चाड होती.

दुसरी चूक 'पिंपळकर'. कोण ही बाई? आपण तायडे. पिंपळखुटा हे बुलढाण्याकडचं आपलं गाव, त्याचं अर्धं नाव मोडून तू पुढे 'कर' लावलंस आणि गॅझेटात छापून आणलंस. तुझं नाव, तुझा हक्क, त्याबद्दल मी पूर्वी जे बोलायचं ते बोलून घेतलं. पण आई शेवटच्या श्वासापर्यंत कमल कुंडलिक तायडे होती. गेलेल्या बाईचं आडनाव बदलायचं असेल तर कुठल्या गॅझेटात अर्ज करावा लागतो, ते मला कळव.

तिसरी चूक, शोकाकुलांत मी नाही. ती मी मोठ्या मनाने सोडून देते. (सोडलेली नाही. पण तिच्यासाठी वेगळं भांडू.)

आणि चौथी चूक तू जे लिहिलं नाहीस त्याची. आईने आयुष्यभर जे केलं, त्यातलं अक्षरही तिथे नाही. वृद्धापकाळाने गेली म्हणे. वृद्ध व्हायला तिला वेळ कुठे होता? सकाळी बालवाडी, दुपारी आपण, संध्याकाळी अभ्यासिका. आरे डेअरीतून बाबा रिटायर झाले आणि त्यांच्या फंडातून तिने शेजारची खोली स्वतःच्या नावावर घेतली, तेव्हा सगळी चाळ म्हणाली, आकाशच्या लग्नाची आतापासूनच तयारी चाललीय. तिने तिथे बाकडी टाकली. ज्यांच्या घरी पाय पसरायला जागा नाही त्या पोरांनी इथे येऊन अभ्यास करायचा. आपली बौद्धांची पोरं आली, कोकणातल्या गिरणी कामगारांची नातवंडं आली, आरेतल्या पाड्यावरच्या मुली आल्या. आणि फी काय, तर आजीकडून ऐकलेली एक गोष्ट, गाणं किंवा म्हण. ती सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची आणि आजी काय काम करायची तेही सांगायचं, मग बाकावर जागा. चाळीतल्या चंद्रप्रकाशची दीप्ती पहिल्या दिवशी काय घेऊन आली होती माहीत आहे? "आजी माका म्हणता, खावक काळ आणि भुईक भार." आई हसून हसून खाली बसली होती.

मी एकदा विचारलं होतं, कशाला हा खेळ? ती म्हणाली, "पोरं शिकतात आणि पहिल्यांदा आजीलाच लाजतात. ते मला इथं नको."

तुझ्यासाठी लिहिते, कारण तू विसरला असशील. आपली बुलढाण्याची आजी जात्यावर म्हणायची ते आईने या खोलीत सगळ्यांत आधी सांगितलं होतं:

दळते मी दाणा दाणा, लेक वाचते पान पान
तिच्या गं आवाजानं, हलकं झालं माझं दळण

त्या लेकीची बातमी तू दोन ओळींत उरकलीस, आणि त्याही खोट्या.

आईच्या पुण्यानुमोदनाला तू आला नाहीस. विहारात माणूस मावत नव्हतं. जो तो मला तुझं विचारत होता, आणि मी "बाहेरगावी आहे" म्हणत होते. बोरिवली बाहेरगाव कधीपासून झालं, ते देव जाणे. आणि देव आपण मानत नाही, म्हणजे कोणीच जाणत नाही.

ताई

ता.क. पत्र बंद करत होते तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी सुबोध येऊन गेले. म्हणाले, "मॅडम, अभ्यासिकेला कुलूप लावावं लागतंय. आकाशने कमिटीला लिहून दिलंय, खोली आईच्या नावावर आहे, दोघं वारस आहेत, त्याची सही होईपर्यंत वापर बंद." माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी कुलूप लावलं. बारावीची पोरं आत होती, दप्तरं उचलून बाहेर आली. परीक्षेला महिना राहिलाय. आकाश, हे तू केलंस? मला अजूनही वाटतंय सुबोधनी काहीतरी चुकीचं ऐकलं असेल.


गोरेगाव पूर्व
९ जानेवारी २०२५

आकाश,

सुबोधनी चुकीचं ऐकलं नव्हतं. कळलं.

तुझं पार्सल काल मिळालं. दोन माणसांनी उचलून आणलं आणि आपल्या दारात टेकवलं. मला वाटलं पोरांसाठी पुस्तकांचं कपाट पाठवलंस. क्षणभर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी तुला मनातल्या मनात माफसुद्धा करून टाकलं, आणि शेजारच्या काकूंना "आकाशने पाठवलंय" म्हणून सांगूनही आले. मग पुठ्ठा फाडला. संगमरवरी पाटी!

'कै. श्रीमती कमल पिंपळकर स्मृती अभ्यासिका. सौजन्य: आकाश पिंपळकर.'

सोबत तुझी चिठ्ठी, तीही टाइप केलेली. पेपरातलं 'कै.' त्यांच्याकडच्या माणसाने आपोआप टाकलं, माझा त्यात दोष नाही, असं तू म्हणतोस. ठीक आहे, पेपरवाल्याने टाकलं. संगमरवराला कोणी सांगितलं?

पुढचं तर मी तीनदा वाचलं. ही पाटी लावायची. सव्वीस जानेवारीला छोटा कार्यक्रम करायचा. तू, अनुपमा, स्वरदा, तुझे सासू-सासरे आणि ऑफिसातली दोन-चार माणसं येणार. कार्यक्रम 'साधा' ठेवायचा, घोषणा वगैरे नकोत. त्याच दिवशी तू सही करणार आणि खोली कायमची अभ्यासिकेला देणार. नाहीतर 'खोलीचा वेगळा विचार करावा लागेल'.

घोषणा म्हणजे काय रे? आपल्याकडे लोक दारातून आत येताना जय भीम म्हणतात, ती घोषणा झाली? दूधवाला येतो तोही म्हणतो. तो काय मोर्चा घेऊन येतो?

तुला काय पाहिजे ते मला स्पष्ट दिसतंय. आई तुला पाहिजे आहे. इतक्या पोरांना शिकवलेली, भल्या मनाची आई सासरच्यांना आणि साहेबांना दाखवायला तुला पाहिजेच आहे. फक्त ती तायडे नको आहे. तिचा मान घ्यायचा आणि तिची जात झाकायची. स्पष्टच लिहिते, कारण घरात आपण हा शब्द कधी गिळला नाही.

पाटी मी लावणार नाही. ती पायरीखाली उभी केली आहे, भिंतीकडे तोंड करून. सुबोधना सांगितलं, वर्गात मस्ती करणाऱ्या पोराला उभं करतात ना, तसं समजा.

ताई


गोरेगाव पूर्व
१६ जानेवारी २०२५

आकाश,

या पत्राला तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहिते. पहिल्याला निदान टाइप केलेली चिठ्ठी आली, दुसऱ्याला तीही नाही. सुबोधना मात्र फोन करून विचारलंस, "पाटी लागली का?"

पोरांचं सांगते. कुलूप लागल्यापासून ती बाजूच्या नव्या बिल्डिंगच्या जिन्यात बसत होती. परवा तिथल्या वॉचमनने हाकललं. काल विहारात बसवली, पण तिथे एका घरचं साखरपुड्याचं जेवण ठेवलेलं. अस्मिता बारावीला आहे. तिच्या घरी सहा माणसं आणि एक टीव्ही. तिचे वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात, म्हणून ती दिवसा घरी पान सुद्धा उलटत नाही, आवाज होतो म्हणून. ती मला म्हणाली, "मॅडम, फिजिक्सची वाट लागलीय."

मी पोरांना सगळं सांगितलं. लपवायचं काय त्यात? तुझी अट सांगितली, पाटी दाखवली. म्हटलं, आपण भांडू, वकील करू, कमिटीपुढे जाऊ. मला वाटलं पोरं चिडतील, "नाही लावायची पाटी" म्हणून ओरडतील. मी मनात भाषणही तयार केलं होतं.

अस्मिता म्हणाली, "मॅडम, केस किती दिवस चालेल?"

मी म्हटलं, चालेल वर्ष, दोन वर्षं.

"आमची परीक्षा फेब्रुवारीत आहे."

मनातलं भाषण मी तिथेच सोडलं.

"पाटी भिंतीवर असते ना मॅडम. आम्ही तोंड पुस्तकात घालून बसतो. वर कोण बघतंय? लावून टाका ना यार."

मग जीभ चावून म्हणाली, "सॉरी, यार म्हटलं."

घरी येऊन मी रडले. तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेले, राहू दे. पोरगी बरोबर होती याचा राग आला. आणि आई हेच म्हणाली असती याचा जास्त राग आला. "पाटी लाव, पोरं बसव, भांडण नंतर कर." तिला स्वतःच्या नावाचं काही नव्हतं रे. आपल्यालाच आहे, मला एका बाजूने आणि तुला दुसऱ्या.

तुझं मला काहीच कळत नाही असं समजू नकोस. लग्नानंतर बोरिवलीत भाड्याने घर बघत होतास तेव्हा मी बरोबर होते. खोली पसंत पडायची, किल्ली हातात यायची वेळ व्हायची, मग पूर्ण नाव विचारायचे. तायडे म्हटलं की "गाव कुठलं?" आणि दुसऱ्या दिवशी खोली 'गेलेली' असायची. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. अनुपमाला सातवा महिना होता. त्या शेवटच्या एजंटाच्या अंगावर मी रस्त्यात धावून गेले होते, आठवतं? तू मला ओढून नेलंस. मला वाटलं तू माझ्याहून शहाणा. पण तुझा राग त्या लोकांवर निघालाच नाही. तो निघाला आडनावावर. अनुपमाने घरी न सांगता कोर्टात लग्न केलेलं, त्यामुळे तिच्या आईवडिलांनाही तू पहिल्यापासून पिंपळकर म्हणूनच माहीत. आडनावाने काय वाकडं केलं होतं तुझं?

आईने तेव्हाही तुला दोष दिला नाही. "भाड्याच्या घरासाठी केलं, करू दे." पुढे तू स्वतःचं घर घेतलंस, तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "आता तर घर त्याचं स्वतःचं आहे. आता कुणाला घाबरतो?"

आणि वास्तुशांतीला तिला बोलावलंस तेव्हा आधी फोन करून काय शिकवलंस, ते अनुपमाने मला नंतर रडत सांगितलं. "आई, तिकडे दारात नमस्कार म्हण." आईने तसंच म्हटलं, तुझ्या दारात, तुझ्या सासऱ्यांसमोर. गोरेगावला परत आली आणि मला म्हणाली, "छान झालं सगळं, श्रीखंड चांगलं होतं." मी त्या दिवसापासून तुझ्या घरात पाऊल ठेवलं नाही. स्वरदाला भेटायचं तर बागेत नाहीतर हॉटेलात. त्या पोरीला आम्ही म्हणजे 'गोरेगावची आजी' आणि 'गोरेगावची आत्या', आम्हाला आडनावच नाही.

असो. सव्वीस जानेवारीला ये. पाटी लावते. सगळ्यांना घेऊन ये. भिंतीवरचे फोटो हलणार नाहीत, बुद्धांचा नाही, बाबासाहेबांचा नाही, पोरांचे जुने ग्रुप फोटोही नाहीत. लोक एकमेकांना काय म्हणतील यावर माझा ताबा नाही आणि ठेवणारही नाही. सही मात्र आधी करायची, मग पेढा.

ताई


गोरेगाव पूर्व
२७ जानेवारी २०२५

आकाश,

काल तू न बोलता निघून गेलास, म्हणून हे चौथं पत्र. आणि हे स्पीड पोस्टने, कारण याला घाई आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ करते, नाहीतर तू जन्मभर मला दोष देशील. धम्मपालला मी काही शिकवून ठेवलं नव्हतं. आपल्या अभ्यासिकेतला पहिला इंजिनियर तो, पालिकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, आई गेली तेव्हा लहान मूल रडावं तसा रडला होता. त्याने नाही बोलायचं तर कोणी? पाटीबद्दल मी त्याला सांगितलं नव्हतं एवढंच. ते मात्र मुद्दाम.

तू कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलास. सुबोधच्या टेबलावर सही केलीस, ती मी स्वतः बघितली, आणि खरं सांगते, त्या क्षणी तुला जवळ घ्यावंसं वाटलं. किती केस पांढरे झालेत तुझे. तुझ्या सासऱ्यांनी पडदा बाजूला करून पाटी वाचली आणि "वा, फारच छान" म्हणाले. सासूबाईंनी हात जोडले. तू पोरांना पेढे वाटत होतास, अगदी घरचा कर्ता असल्यासारखा. तू आहेसच रे घरचा. हेच तर मी ओरडून ओरडून सांगते आहे.

मग धम्मपाल उभा राहिला. "सर्वांना जय भीम," म्हणाला. आणि खोलीतून उत्तर आलं ते काही साधं आलं नाही, पोरांच्या आवाजाने छपराला हात लावला. त्यांनीही ते मुद्दाम केलं असेल, मी विचारलेलं नाही. मग त्याने बोलायला तोंड उघडलं, पाटीकडे बघितलं, आणि थांबला. पुन्हा बघितलं.

"माझा जरा गोंधळ होतोय," म्हणाला. "मी या खोलीत शिकलो ते तायडे बाईंकडे. इथे कोणी पिंपळकर बाई दिसतात. माझा पत्ता चुकला काय?"

लोक हसले. त्याला वाटलं छापणाऱ्याची चूक आहे, म्हणून तोही हसला. "काय माधुरीताई, पाटीवाल्याला पैसे दिलेत का? देऊ नका!" आणखी हसू. तुझा ऑफिसातला तो चष्मेवाला माणूसही हसत होता, त्याला कळलं काहीच नव्हतं. फक्त आपण तिघं हसलो नाही. तू, मी आणि अनुपमा.

तू खिशातून फोन काढलास आणि कानाला लावून बाहेर गेलास. वाजला नव्हता तो. मी शेजारीच होते.

हे सगळं होऊन मला गार वाटायला पाहिजे होतं. इतकी वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते की कोणीतरी चारचौघांत तुझं झाकण उडवावं. उडालं, आणि वाटलं, आज नको होतं. कारण स्वरदा माझ्या बाजूला उभी होती. हातात अर्धा पेढा.

"आत्या," ती म्हणाली, "तायडे कोण?"

हळू नाही विचारलं तिने. लहान मुलं पत्ता विचारतात तसं सरळ विचारलं. अनुपमाने ऐकलं, तिच्या आईनेही ऐकलं. पंखा चालू होता, तरी मला वाटलं सगळ्यांनी ऐकलं.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. किती वर्षांपासून तयार होतं, रोज शाळेत जाता-येता मी ते घासूनपुसून ठेवलं होतं. तायडे म्हणजे तू, बाळा. तायडे म्हणजे तुझे आजोबा, ज्यांनी आरेत दुधाच्या बाटल्या उचलल्या. तायडे म्हणजे तुझी आजी, जी जात्यावर बसलेल्या आईला पान पान वाचून दाखवायची. सगळं जिभेवर आलं होतं. आणि मी काय म्हणाले?

"बाबाला विचार."

"बाबा फोनवर आहे."

"फोन झाला की विचार."

तिने मान हलवली. मग भिंतीवरच्या जुन्या फोटोंकडे गेली. आईचा पहिल्या बॅचबरोबरचा फोटो आहे ना, त्याच्याखाली पट्टी आहे, कमल कुंडलिक तायडे. ती तिने वाचली. मग वळून पाटी वाचली. मग पुन्हा पट्टी. पोरगी नववीत आहे आकाश, आणि ती मूर्ख नाही. आपल्या घरातली आहे.

अनुपमा माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, मी किती वेळा सांगितलं त्यांना. म्हणतात, ती मोठी झाली की सांगू." मी म्हटलं, अगं, ती झाली मोठी, आत्ताच, तुझ्यासमोर.

आता नीट ऐक. सही झाली. कुलूप निघालं. आज अस्मिता कॉलेजातून थेट येऊन बसली आहे, तुझ्याच पाटीखाली, आणि वर बघतसुद्धा नाही. माझं तुझ्याकडे काही मागणं उरलं नाही. पाटीचं भांडण मी सवडीने भांडेन, म्हातारपणाला काहीतरी उद्योग पाहिजेच. तू मला फोनवर अनब्लॉक केलं नाहीस तरी चालेल. आईच्या बातमीत मला घेतलं नाहीस तेही, जा, आज खरंच सोडलं.

पण जाताना गाडीत बसायच्या आधी स्वरदा परत आली होती. तुला दिसलं नसेल, तू काच वर करत होतास. म्हणाली, "आत्या, रविवारी मी येऊ? एकटी येईन." मी ये म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ती येईल. आणि आल्यावर तेच विचारेल. या वेळी मी बाबाला विचार म्हणणार नाही. खोटं तर मुळीच बोलणार नाही, या घरातून तुझ्यासाठी जेवढं खोटं बोलायचं तेवढं आई बोलून गेली. मी सांगेन. पण मी कशी सांगेन ते तुला माहीत आहे. माझ्या तोंडून ते रागानेच बाहेर पडेल. त्यात तुझं सगळं येईल, एकही गोष्ट मला गाळता येणार नाही. पोरीला स्वतःचं आडनाव पहिल्यांदा कळेल, ते बापाच्या तक्रारीत गुंडाळलेलं कळेल. मग ती जन्मभर एकतर तुझा राग करेल नाहीतर त्या आडनावाचा. तू मला कितीही नकोसा झालास तरी यातलं एकही मला नको आहे.

तुझ्याकडे ते प्रेमाने सांगायला जागा आहे. आपले बाबा तुला खांद्यावर घेऊन आरेतून फिरवायचे, ते मला नाही, तुला आठवतं. आजीच्या मांडीवर तू झोपायचास, मी नाही. एजंटाने दार लावलं तेव्हा तुला काय झालं तेही तूच सांगू शकतोस, मी फक्त शिव्या देऊ शकते. घाबरलो होतो म्हण. चुकलो म्हणायचं नसेल तर नको म्हणू, पण घाबरलो होतो एवढं तरी तिला सांग. तिला ते कळेल.

मला फोन करू नकोस, पत्र लिहू नकोस. रविवारच्या आत तिच्याशी बोल.

ताई